उजनीचे पाहुणे आणि आपली होडी



गुरुजींनी सांगितले, "भित्तिपत्रकात ऐकीव लिहू नका. जे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय त्याच्यावर लिहा." म्हणून मी उजनीच्या पाण्यावर होडीतून पक्षी कसे बघावेत याची माहिती लिहीत आहे. माझे मामा भिगवणच्या बाजूला पाण्याकाठी राहतात. ते मासे धरतात आणि थंडीच्या दिवसांत लोकांना होडीतून पक्षी दाखवतात. सुट्टीत मी त्यांच्याकडेच असते. काही माहिती मामांनी सांगितली, काही आजीने, आणि पक्ष्यांची नावे गुरुजींनी पुस्तकात बघून तपासून दिली.

हे पाणी कुठून आले

उजनी धरण भीमा नदीवर आहे. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. तिचे काम १९६९ साली सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. जलाशयाचे खरे नाव यशवंतसागर आहे, पण आमच्याकडे सगळे नुसते "उजनी" म्हणतात. भिंत तिकडे लांब आहे, पण अडवलेले पाणी मागे मागे फुगत करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंड तालुक्यांपर्यंत येते. त्याला फुगवटा म्हणतात. म्हणजे एकच पाणी सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांना लागते.

धरण भरले की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. गुरुजींनी फळ्यावर ११७ लिहून पुढे नऊ शून्ये काढली तेव्हा आम्ही सगळे हसलो, कारण आकडा फळ्याच्या काठापर्यंत गेला.

गंमत अशी आहे की आमच्या भागात पाऊस फार कमी पडतो, तरी उजनी भरते. पाऊस पडतो वर पुण्याच्या पलीकडे, घाटात. तिकडची धरणे भरली की पाणी सोडतात आणि ते मुळा-मुठेतून व भीमेतून खाली आपल्याकडे येते. त्याच्याबरोबर मोठ्या शहरांचे सांडपाणीही येते. म्हणून उन्हाळ्यात पाणी हिरवे दिसते आणि वास मारतो. ही भीमाच पुढे पंढरपूरला जाते आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात.

या पाण्याखाली जुनी गावे आहेत. माझ्या आजीचे माहेरही त्यात गेले. आजी म्हणते, "तुम्ही होडीत बसून जिथनं जाता ना, तिथं आमची ज्वारी व्हती." पाणी फारच उतरले की पळसदेवचे जुने दगडी देऊळ वर दिसू लागते. मग लांबलांबची माणसे ते बघायला येतात. आजी मात्र बघायला जात नाही. ती म्हणते, "मी ते भरलेल्या गावात बघितलंय."

पक्षी पाणी उतरल्यावर का येतात

मला आधी वाटायचे की पाणी जास्त असेल तेव्हा पक्षी जास्त. पण तसे नसते. गणपतीच्या दिवसांत उजनी काठोकाठ भरलेली असते तेव्हा होडीतून बघितले तर नुसते पाणीच पाणी. एखादा पाणकावळा, थोडे बगळे, बस्स.

दिवाळी झाली की कालव्यातून उसाला, ज्वारीला पाणी सोडतात. सोलापूरला पिण्यासाठी पाणी देतात. उन्हानेही पाणी उडून जाते. मग फुगवट्याचे पाणी रोज थोडे थोडे मागे सरकते आणि खालची जमीन उघडी पडते. ती जमीन साधी नसते. तिच्यावर चार महिने गाळ बसलेला असतो. त्या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, शेवाळ आणि गवताचे बी असते. माणसे त्याच गाळात पेरणी करतात, त्याला गाळपेर म्हणतात. पक्षी त्याच गाळात चरतात. म्हणजे एकाच गाळावर दोघांचे पोट चालते.

जिथे नुकतेच पाणी होते आणि आता वीतभर उरले आहे, तिथे सगळ्यात जास्त खाणे मिळते. म्हणून नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पक्षी बघायला चांगले, आणि रोहित पक्षी तर पाणी बरेच उतरल्यावर, जानेवारीच्या पुढे जास्त दिसतात. मार्चनंतर लांबचे पाहुणे परत जायला लागतात. उन्हाळ्यात पाणी इतके खाली जाते की मोठी माणसे म्हणतात, "उजनी मायनसमध्ये गेली." याचा अर्थ पाणी संपले असा नाही. कालव्यात जाणारे पाणी संपले आणि तळातला मृत साठा उरला, असा अर्थ आहे. मृत साठा म्हणजे धरणाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा भाग आहे.

पाण्यातली पंगत

इतके पक्षी एका जागी चरतात तर भांडत कसे नाहीत? मी मामांना विचारले. मामा म्हणाले, "त्यांची पंगत बघ. कोण कुठं बसलंय ते बघ." मग मी काठापासून आतपर्यंत नीट बघितले आणि वहीत अशी यादी केली.

काठावरच्या ओल्या चिखलात: धोबी आणि तुतवार. धोबी सारखी शेपटी वरखाली करतो. यांचे पाय आखूड, म्हणून ते आत जात नाहीत.

घोट्याइतक्या पाण्यात: शेकाट्या. त्याचे पाय लाल आणि काडीसारखे लांब असतात. कोणीतरी दोन काड्या खोचून पक्षी उभा केलाय असे वाटते.

गुडघ्याइतक्या पाण्यात: चमचा आणि चित्रबलाक. चमच्याची चोच खरोखर चमच्यासारखी असते. तो ती पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो, जशी आई कढईत उलथणे फिरवते. चित्रबलाक चोच थोडी उघडी ठेवून पाण्यात बुडवून चालतो. मासा चोचीला लागला की चोच फटकन मिटते. त्याला मासा दिसावाच लागत नाही, म्हणून गढूळ पाण्यातही त्याचे काम चालते.

माझ्या मांडीइतक्या पाण्यात: रोहित. त्याचे पाय आणि मान दोन्ही लांब.

वर तरंगणारे: थापट्या, तलवार बदक आणि वारकरी. थापट्याची चोच पुढे थाप्यासारखी रुंद असते. तो पाण्याच्या वरचे वर गाळून खातो. तलवार बदक डोके खाली आणि शेपटी वर करून उभे राहते, तेव्हा फक्त टोकदार शेपटी दिसते.

खोल पाण्यात: पाणकावळा. तो बुडी मारून मासा धरतो. नंतर खुंटावर बसून पंख वाळत घालतो.

हवेतून जेवणारे: नदी सुरय, कवड्या धीवर आणि कैकर. कवड्या धीवर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. कैकर हा घारीसारखा मोठा शिकारी पक्षी आहे. तो पाय पुढे करून पाण्यातला मासा पंजात धरून नेतो.

म्हणजे प्रत्येकाला पाय आणि चोच वेगळी मिळाली आहे, म्हणून प्रत्येकाची जागा वेगळी आहे. पाणी वीतभर जरी वरखाली झाले तरी सगळी पंगत सरकते. पक्षी काल दिसले तिथे आज दिसतीलच असे नाही, त्याचे कारण हे आहे.

काही पाहुण्यांची ओळख

रोहित: यालाच फ्लेमिंगो म्हणतात. पुस्तकात अग्निपंख असेही नाव आहे. हा चार-पाच फूट उंच असतो, म्हणजे आमच्या वर्गातल्या कोणापेक्षाही कमी नाही. तो डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो. जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यात किडे, अळ्या, शेवाळ अडकते. आम्ही शाळेत पातेल्यात गढूळ पाणी आणि थोडे तांदूळ घालून चहाच्या गाळणीतून गाळून बघितले. तांदूळ वर राहिले. रोहितचे तसेच आहे. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्ले राखाडी असतात. पाहुण्यांना वाटते की ते मळलेले आहेत, पण ते फक्त लहान आहेत. हे पक्षी कच्छच्या रणात चिखलाची घरटी करतात.

पट्टकदंब: हा हंसाच्या जातीचा आहे. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, म्हणून हे नाव. तो मंगोलिया, तिबेट, लडाख अशा थंड प्रदेशात पिल्ले वाढवतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. तो ७ हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे. तिथे हवा फार विरळ असते, पण त्याचे रक्त थोड्या हवेतूनही प्राणवायू चांगला पकडते. दिवसा हे थवे काठावर विश्रांती घेतात आणि अंधार पडला की शेतात, गवतात चरायला जातात.

वारकरी: हे काळे पाणपक्षी थव्याने तरंगतात आणि कपाळावर पांढरा टिळा असतो. म्हणूनच त्यांना वारकरी म्हणत असावेत. हे मला फार आवडते, कारण हेच पाणी पुढे पंढरपूरला जाते.

चित्रबलाक: हा पाहुणा नाही, इथलाच आहे. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर आणि इंदापुरात चिंचेच्या झाडांवर यांची घरटी असतात. अंगावर गुलाबी, काळे, पांढरे असे रंगवल्यासारखे पट्टे असतात.

मुग्धबलाक: याची चोच मिटली तरी मधे फट राहते. ती मोडलेली नसते. गोगलगाय धरायला ती उपयोगी पडते.

होडी कशी असते

मामांची होडी लाकडी आहे. खोल पाण्यात वल्ही मारतात आणि उथळ पाण्यात बांबूने रेटतात. बांबूचे दोन फायदे आहेत. त्याचा आवाज होत नाही, आणि पाणी किती खोल आहे ते हाताला कळते. मशीनच्या होडीचा आवाज पक्ष्यांना लांबूनच ऐकू जातो, म्हणून मशीन असले तरी थव्याच्या बऱ्याच अलीकडे बंद करावे लागते.

सकाळी लवकर निघणे चांगले. तेव्हा पाणी शांत असते आणि पक्षी चरत असतात. ऊन चढले की वारा सुटतो. उजनीचे पाणी रुंद असल्यामुळे वाऱ्याला अडवायला काही नाही आणि लाटा मोठ्या होतात. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडून गेले. ती पक्षी बघायची होडी नव्हती. माणसांना या काठाहून त्या काठाला नेणारी होती. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो म्हणून लोक होडीने येतात. तेव्हापासून मामा लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही होडीत बसू देत नाहीत. मलाही नाही. कोणी म्हणाले की आम्हाला पोहता येते, तरी मामा म्हणतात, "पाण्याला ते माहीत नाही."

पक्षी उडवायचे का?

आता मी जे मुख्य सांगायचे आहे ते सांगते.

होडीत बसलेले पुष्कळ पाहुणे म्हणतात, "अजून जवळ घ्या. थवा उडवा. उडतानाचा फोटो पाहिजे." काहीजण टाळ्या वाजवतात, काहीजण ओरडतात. थवा उडाला की आकाशात गुलाबी रंग पसरतो आणि सगळे खूश होतात. काही जण वरचे पैसेही देतात. हे पैसे लहान नाहीत. पूर्वीसारखे मासे आता जाळ्यात येत नाहीत, असे सगळे मासेमारी करणारे सांगतात. थंडीतल्या होडीच्या पैशावर मामांच्या घरात शाळेची पुस्तके येतात. म्हणून नाही म्हणणे सोपे नसते. एका पाहुण्याला मामांनी नाही म्हटले तर तो रागावला आणि उतरताना ठरलेल्यापेक्षा कमी पैसे देऊन गेला. मामी म्हणाली, "एकदा उडवला असता तर काय झालं असतं?"

मामा म्हणाले, "पाखरू काय फोटोसाठी आलंय व्हय? ते पोट भरायला आलंय."

मी यावर गणित मांडून बघितले. समजा रविवारी दहा होड्या गेल्या. प्रत्येक होडीने एकदाच थवा उडवला. प्रत्येक होडीवाला म्हणेल, मी तर एकदाच उडवला. पण थव्याला दहा वेळा उडावे लागले. समजा उडून, फिरून, खाली बसून पुन्हा चरायला लागेपर्यंत पंधरा मिनिटे जातात. तर १० गुणिले १५ म्हणजे १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. अडीच तास खाणे बंद, आणि वर उडण्याचे कष्ट. रोहितला तर उडण्याआधी पाण्यातून पळत जावे लागते, मग तो वर उठतो. आपल्याला जेवताना कोणी दहा वेळा ताटावरून उठवले आणि गावाला चक्कर मारायला लावली तर कसे होईल?

पट्टकदंबाचे तर अजून अवघड. त्याला मार्चमध्ये परत हिमालय ओलांडायचा असतो. त्यासाठी अंगात चरबी साठवावी लागते. दिवसभर विश्रांती मिळाली नाही तर चरबी कशी साठणार? आपण इथे गंमत केली तर त्याची किंमत तो डोंगरावर देतो.

आणि सारखा त्रास झाला तर थवा ती जागाच सोडतो. मग होडीवाल्यांनी काय दाखवायचे? मामा म्हणतात, "उडालेलं पाखरू एकदाच दिसतं. चरणारं दिवसभर दिसतं." मामींनाही हे आता पटले आहे, कारण ज्या पाहुण्यांनी शांतपणे तासभर चरणारे पक्षी बघितले, ते पुढच्या वर्षी चार माणसे घेऊन परत आले.

थवा उडणार हे आधी कसे ओळखावे

पक्षी उडण्याआधी सांगतात. आपल्याला वाचता आले पाहिजे. पहिली खूण, चरणे थांबते आणि माना वर होतात. दुसरी, सगळ्यांची तोंडे एका बाजूला वळतात. तिसरी, ते आवाज करत चालत लांब जायला लागतात. पहिली खूण दिसली की होडी तिथेच थांबवायची. माना पुन्हा खाली गेल्या तर समजावे की तेवढे अंतर त्यांना चालते. दुसरी खूण दिसली तर होडी मागे घ्यायची. तिसऱ्या खुणेपर्यंत थांबायचेच नाही.

होडी थव्याकडे सरळ नेऊ नये. सरळ येणारी वस्तू शिकाऱ्यासारखी वाटते. तिरके, बाजूने, हळू जावे. सूर्य पाठीमागे ठेवावा, म्हणजे रंग नीट दिसतात.

लक्षात ठेवायचे नियम

१. लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे बांधावेत.
२. होडीत उभे राहू नये, एका बाजूला सगळ्यांनी झुकू नये.
३. वारा सुटला असेल तर हट्ट करू नये. होडीवाला म्हणेल तेव्हा परत फिरावे.
४. लाल, भडक कपडे घालू नयेत. मातीच्या, गवताच्या रंगाचे घालावेत.
५. हळू बोलावे, मोबाईलवर गाणी लावू नयेत.
६. पक्ष्यांना फरसाण, पाव टाकू नये. त्यांचे ताट भरलेले आहे.
७. प्लास्टिक आणि तुटलेले नायलॉनचे जाळे पाण्यात टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.
८. "उडवा" म्हणू नये.

पाहिलेले पक्षी वहीत लिहावेत. तारीख, जागा, पाणी किती होते, पक्षी काय करत होता, एवढे चार रकाने पुरतात. नाव माहीत नसेल तर चोच आणि पाय यांचे चित्र काढावे, गुरुजी नाव सांगतात. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस असतो. ते सोलापूरचे होते आणि त्यांनी मराठीत पक्षिकोश लिहिला. १२ नोव्हेंबरला डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस असतो. त्या आठवड्यात आपण सर्वांनी वही सुरू करावी असे मला वाटते.

पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होडी आहे, नाहीतर नातेवाईकांकडे आहे. सगळ्या होडीवाल्यांनी मिळून ठरवले की थवा कोणीच उडवायचा नाही, तर पाहुणा एका होडीतून उतरून दुसऱ्या होडीत जाणार नाही, आणि कोणाचेच पैसे बुडणार नाहीत. एकट्या मामांनी ठरवून ते जमत नाही. फळ्यावरच्या गणितात दहा होड्या होत्या, त्यातली एकच कमी झाली तर नऊ उरतात.

इयत्ता चौथी